भाकरी, लाळ आणि आयोडीन

जीवरसायनशास्त्र हा सजीवांच्या शरीरात घडणाऱ्या रसायनक्रियांचा अभ्यास आहे, आणि पदवीच्या पहिल्या वर्षी या विषयाशी ओळख होते ती बहुधा स्वतःच्याच थुंकीने. ज्वारीची भाकरी कोरड्यासाशिवाय बराच वेळ चावली की तोंडात गोडसर चव उतरते. लाळेतले अमायलेज नावाचे विकर भाकरीतल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून माल्टोज ही साखर तयार करते, तिची ही चव. घरात हे सगळ्यांनाच ठाऊक असते. साखर व्हायला किती मिनिटे लागतात, कोणत्या तापमानाला लागतात, चिमूटभर मीठ पडले की ती कमी का होतात, असे प्रश्न विचारले की शास्त्र सुरू होते.

विषय तसा तरुण आहे. १८९७ मध्ये एदुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्टच्या पेशी वाळूत घोटून त्यांचा रस पिळला आणि त्या रसात एकही जिवंत पेशी नसताना साखरेचे अल्कोहोल होते हे दाखवले. तोवर आंबणे हे जिवंतपणाचेच लक्षण मानले जाई. जिवंत पेशीत चालणारे काम निर्जीव रसातही चालते म्हटल्यावर ते मोजता येते, थांबवता येते, नळीत भरून ठेवता येते. १९०३ मध्ये कार्ल नॉयबर्गने या अभ्यासाला आजचे नाव रूढ केले आणि १९१४ मध्ये फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स केंब्रिजमध्ये या विषयाचे प्राध्यापक झाले. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत. तिथल्या टाक्यांत आजही तेच चालते, फक्त पेशी न मारता.

संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, महाविद्यालयीन शिक्षणाची सुरुवात १९२३ मध्ये उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेजने झाली. किल्ले अर्कातले आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, आजचे मिलिंद, १९५० मध्ये सुरू झाले. १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, ज्याला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ च्या नामविस्तारानंतर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. देवगिरी महाविद्यालय १९६० चे, मौलाना आझाद महाविद्यालय १९६३ चे. विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग आहे. पदवीला मात्र हा विषय फार थोड्या महाविद्यालयांत मिळतो. तालुक्याच्या गावी बी.एस्सी. म्हटले की रसायन, वनस्पती, प्राणी किंवा भौतिक, गणित असेच गट डोळ्यांसमोर येतात. जीवरसायन घेणारा विद्यार्थी घरी पहिल्यांदा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो : 'म्हणजे बायोटेक का?'

जुन्या पद्धतीत तीन ऐच्छिक विषय समान वजनाने तीन वर्षे चालत आणि जीवरसायन हा त्यांतला एक असे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. आता एक विषय मेजर, एक मायनर, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली आणि पुढे ऑन जॉब ट्रेनिंग अशी रचना आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स. कागदावर लवचीक असलेली ही व्यवस्था लहान महाविद्यालयात दोन शिक्षक आणि एका प्रयोगशाळेवर बसवायची असते, त्यामुळे 'मायनर काय घेऊ?' या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा वेळापत्रकच ठरवते. निवड हातात असेल तर रसायनशास्त्र मायनर घेणे शहाणपणाचे. त्याचे कारण पुढे, नोकऱ्यांच्या ओघात येईल.

अमायलेजचे प्रॅक्टिकल जवळून पाहण्यासारखे आहे. टेबलावर एक टक्क्याचे स्टार्चचे द्रावण, ६.८ पीएचचे फॉस्फेट बफर, थोडे मिठाचे पाणी, पातळ केलेली लाळ आणि खड्डे असलेली पांढरी टाइल एवढेच सामान असते. टाइलच्या प्रत्येक खड्ड्यात आयोडीनचा एकेक थेंब घालून ठेवतात. ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या नळीत लाळ पडली की स्टॉपवॉच सुरू, आणि दर मिनिटाला नळीतला एक थेंब पुढच्या खड्ड्यात. पहिला खड्डा गर्द निळा होतो. मग जांभळा, मग तपकिरी-लालसर, आणि एका खड्ड्यापासून पुढे आयोडीनचा मूळ पिवळा रंगच राहतो. स्टार्च संपल्याची ती वेळ जर्नलात लिहायची. मीठ न घालता तोच प्रयोग केला की वेळ वाढते, कारण या विकराला क्लोराइडची मदत लागते. लाळ आधी उकळून घेतली तर शेवटच्या खड्ड्यापर्यंत निळाच रंग राहतो.

बॅचमधल्या प्रत्येकाची वेळ वेगळी येते आणि पहिल्या वर्षाची मुले घाबरून शेजाऱ्याचे रीडिंग उतरवतात. खरे तर फरक येणेच बरोबर असते. लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की पिढ्यान्‌पिढ्या स्टार्चवर जगणाऱ्या समाजांत या प्रती सरासरीने अधिक आहेत. कोणाची लाळ किती पातळ केली यानेही फरक पडतो. उतरवलेल्या रीडिंगमध्ये हे सगळे शिक्षण वाया जाते, आणि गुण मात्र पूर्ण मिळतात. ही आपल्या प्रात्यक्षिक परीक्षांची जुनीच खोड. ऋतूही प्रयोगात हात घालतो. डिसेंबरच्या सकाळी वॉटर बाथ तापेपर्यंत अर्धा तास जातो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत तो चालू करावाच लागत नाही. उलट ३७ वर थांबवण्यासाठी गार पाणी ओतावे लागते.

पाण्याचा प्रश्न इथे वेगळा सांगायला हवा. या विषयाला ऊर्ध्वपातित म्हणजे डिस्टिल्ड पाण्यावाचून गती नाही. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि फॉस्फेट बफर त्यात केले तर ते गढूळ होते. विकरांच्या प्रयोगात असे क्षार कधी विकराला चेतवतात, कधी मंदावतात. म्हणून डिस्टिलेशनचे यंत्र हवे. पण एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना वाफ थंड करायला कित्येक लिटर नळाचे पाणी वाहून जाते. ज्या शहराला जायकवाडीहून नळाने पाणी येते आणि तेही काही दिवसांच्या अंतराने, तिथे हा हिशेब साधा नाही. शहाणा लॅब अटेंडंट थंडाव्याचे पाणी बादल्यांत धरतो आणि काचसामान धुवायला वापरतो. कॅन विकत आणणेही चालते, पण बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी प्रत्येक वेळी सारखेच शुद्ध असेल याची खात्री नसते. प्रॅक्टिकल फसले की मुले विकराला दोष देतात. निम्म्या वेळा दोष पाण्याचा किंवा महिन्यापूर्वी करून ठेवलेल्या रिएजंटचा असतो.

पहिल्या वर्षाचा बाकीचा भाग ओळखपरेडचा. साखरेसाठी बेनेडिक्टची चाचणी, प्रथिनांसाठी बाय्युरेट, अमिनो आम्लांसाठी निनहायड्रिन. निनहायड्रिन बोटाला लागले की दोन दिवस जांभळा डाग राहतो आणि विद्यार्थी कोणत्या विभागाचा ते बसमध्येही कळते. तेलांचा आयोडीन अंक काढताना इथला विद्यार्थी घरचेच नमुने आणू शकतो. करडईच्या तेलाचा अंक १४० च्या आसपास, खोबरेल तेलाचा १० च्या आत. हा अंक जितका मोठा तितके तेलातले दुहेरी बंध जास्त, आणि म्हणूनच थंडीत खोबरेल थिजते, करडईचे तेल वाहते राहते. मोसंबीतले क जीवनसत्त्व मोजण्यासाठी डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल हे निळे रंगद्रव्य थेंबाथेंबाने रसात सोडतात. जीवनसत्त्व असेपर्यंत रंग नाहीसा होतो, संपले की रस फिकट गुलाबी होतो. भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी शेजारच्याच जालन्याची. सकाळी काढलेला आणि दुपारपर्यंत उघडा ठेवलेला रस यांची तुलना केली तर हवेने जीवनसत्त्व कसे घटते ते आकड्यात दिसते.

दुसऱ्या वर्षी विकरांचा अभ्यास नीट सुरू होतो आणि इथे गणिताशी पुन्हा गाठ पडते. जीवशास्त्र घेतले म्हणजे गणित सुटले, असे समजून आलेल्यांचा इथे भ्रमनिरास होतो. १९१३ मध्ये लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी मांडलेले समीकरण समजायला सिडको बसस्थानकाची तिकीट खिडकी पुरेशी आहे. प्रवासी थोडे असतील तर जितके येतील तितक्या वेगाने तिकिटे फाटतात. रांग वाढली की वेग वाढतो, पण एका मर्यादेनंतर रांग दुप्पट झाली तरी खिडकीतल्या माणसाचे हात तितकेच चालतात. तो कमाल वेग. खिडकी म्हणजे विकर, प्रवासी म्हणजे ते ज्याच्यावर काम करते तो पदार्थ, आणि कमाल वेगाच्या निम्मा वेग त्या पदार्थाच्या ज्या तीव्रतेला मिळतो तिला 'केएम' म्हणतात. केएम कमी म्हणजे थोड्या गिऱ्हाइकांतही खिडकी जोरात चालते.

यासाठी महागडे विकर आणावे लागत नाही. तुरीच्या किंवा सोयाबीनच्या पिठात युरिएज असते. पीठ गार बफरमध्ये ढवळून गाळले, त्या निवळीत युरियाचे द्रावण आणि फिनॉल रेड घातले की अमोनिया सुटतो आणि पिवळे द्रावण गुलाबी होते. विकरांच्या इतिहासात युरिएजला मानाचे पान आहे. जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाचा डावा हात वयाच्या सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातानंतर कापावा लागला. तो मुळात डावखुरा. रसायनशास्त्राच्या नादी लागू नकोस, असा सल्ला त्याला मिळाला होता. १९१७ पासून तो जॅक बीनमधून, म्हणजे आपल्या अबईच्याच कुळातल्या एका शेंगेच्या बियांतून, युरिएज शुद्ध करण्यामागे लागला आणि १९२६ मध्ये त्याला त्याचे स्फटिक मिळाले. विकर हे प्रथिन असते, हे त्याचे म्हणणे मोठ्या प्रयोगशाळांतल्या मोठ्या लोकांनी बरीच वर्षे मानले नाही. १९४६ मध्ये त्याला नोबेल मिळाले.

चयापचय हा या पदवीचा सर्वांत धास्तीचा भाग. ग्लुकोजचे पायरुव्हेट होण्याच्या दहा पायऱ्या, क्रेब्स चक्राच्या आठ, पुढे इलेक्ट्रॉनांची साखळी. वसतिगृहाच्या खोल्यांत हे तक्ते भिंतीला चिकटवलेले दिसतात. पाठांतराने पेपर निघतो. पण कोणती पायरी कोण अडवते आणि अडवल्यावर काय साठते, हे विचारले की तक्ता मुका होतो. त्यातच आकड्यांचा घोळ आहे. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात, असे जुन्या नोट्स सांगतात. नव्या पुस्तकांत ३० ते ३२ असतात, कारण एका एनएडीएचमागे तीनऐवजी अडीच एटीपीच धरणे प्रत्यक्ष मापनांशी जुळते. विद्यार्थ्याने दोन्ही आकडे आणि त्यांमागचा हिशेब लिहावा हे उत्तम. पुस्तकांत लेनिंजर सर्वांत विश्वासाचे, पण जाड आणि महाग, त्यामुळे ते ग्रंथालयातच वाचायचे. रोजच्या वापरात सत्यनारायण किंवा जैन, आणि प्रॅक्टिकलला प्लमर.

भाषेचा अडसर याच टप्प्यावर जाणवतो. दहावीच्या मराठी पुस्तकात कर्बोदके, प्रथिने, मेद आणि विकर असतात. अकरावीला तेच सगळे कार्बोहायड्रेट्स, प्रोटीन्स, लिपिड्स आणि एन्झाइम्स होऊन येते, आणि आपण काही नवे शिकतो आहोत असा गैरसमज होतो. विद्यापीठाचा पेपर इंग्रजीत. व्हायवा मात्र 'सर, स्टार्चचं हायड्रॉलिसिस झालं म्हणून ब्लू कलर गेला' अशा तिसऱ्याच भाषेत चालतो, आणि तिच्यात काही वाईट नाही. या शहराने आणखी एक प्रयोग पाहिला आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि हैदराबादच्या दारुल तर्जुमात विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी परिभाषा घडवली जात होती. औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज त्याच व्यवस्थेतले. मौलवी अब्दुल हक त्याचे प्राचार्य होते. ती परिभाषा शहरातून ओसरली. पण देशी भाषेत उच्च विज्ञान शिकवता येते का, हा वाद इथे शंभर वर्षांचा आहे.

तिसऱ्या वर्षी मोजमाप सूक्ष्म होते. ऑलिव्हर लोरीने १९५१ मध्ये प्रथिने मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तो शोधनिबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे, आणि विज्ञानाच्या इतिहासात त्याच्याइतका उल्लेख दुसऱ्या निबंधाचा नाही. तीच पद्धत लहान महाविद्यालयाच्या टेबलावर साध्या कलरीमीटरने चालते. माहीत असलेल्या प्रमाणांच्या पाच-सहा नळ्या, प्रत्येकीच्या निळ्या रंगाचे रीडिंग, आलेखावर सरळ रेष, आणि तिच्यावरून अज्ञात नमुन्याचे प्रमाण. रेष सरळ आली नाही तर कारण बहुधा पिपेटच्या टोकाला लटकलेल्या थेंबात असते. रक्तातली साखर मोजताना ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज यांचे किट वापरतात, द्रावण गुलाबी होते. घाटीत आणि गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही हेच तत्त्व चालते. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम हा मधुमेहाचा आकडा ज्या रेषेवरून येतो ती रेष स्वतः काढलेली असणे, ही या पदवीची खरी कमाई.

लहान महाविद्यालयाचा फायदा इथेच आहे. वर्गात पंधरा-वीस मुले असली की पिपेट प्रत्येकाच्या हातात येते. मोठ्या संस्थेत यंत्र भारी असते आणि विद्यार्थी त्याच्याभोवती घोळका करून उभा असतो. उणिवाही खऱ्या आहेत. उणे २० अंशांचा फ्रीजर नसेल तर विकरे आठवड्यात मरतात, जेल इलेक्ट्रोफोरेसिस एकदाच 'दाखवले' जाते, आणि एक शिक्षक सोडून गेला की निम्मा अभ्यासक्रम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची वाट पाहतो. यावर उपाय शहरातच आहेत. विद्यापीठात पॉल हेबर्ट सेंटर हे डीएनए बारकोडिंगचे केंद्र आहे. शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. एक दिवसाची भेट आधी पत्र देऊन ठरवता येते. ती सहल न होता प्रयोग व्हावा, हे मात्र पाहावे लागते.

साध्या सामानावर किती मोठे काम होते, याचे मराठी उदाहरण कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले. तिथे त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते हे त्यांनी बटाट्यापासून सुरुवात करून दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा आणि डाळी यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. डाळ, दूध, बटाटा, नीरा : यांतले काहीही मराठवाड्यातल्या महाविद्यालयाला दुर्मीळ नाही.

पदवीनंतरच्या वाटा दोन. एक वाट वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या औषध कारखान्यांकडे जाते. वोक्हार्टने २००३ मध्ये बाजारात आणलेले 'वोसुलिन' हे मानवी इन्सुलिन यीस्टकडून करवून घेतलेले होते आणि त्याचे उत्पादन याच शहरातले. तरीही पदवीधराला सुरुवातीला मिळते ती क्वालिटी कंट्रोलमधली जागा, आणि जाहिरातीत बऱ्याचदा 'बी.एस्सी. केमिस्ट्री' लिहिलेले असते. मायनरचा प्रश्न इथे येऊन भिडतो. डीएमएलटी करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाणारेही पुष्कळ. तंत्रज्ञ म्हणून काम लवकर मिळते, पगार मात्र हळू वाढतो.

दुसरी वाट एम.एस्सी.ची. आयआयटींसाठी असलेल्या 'जॅम' परीक्षेत जीवरसायनाचा स्वतंत्र पेपर नाही, बायोटेक्नॉलॉजीचा द्यावा लागतो. 'गेट'मध्ये लाइफ सायन्सेसच्या पेपरात रसायनशास्त्र सक्तीचे, आणि जीवरसायन, वनस्पती, सूक्ष्मजीव, प्राणी, अन्नतंत्रज्ञान यांतले दोन विभाग निवडायचे. पुण्यातल्या एनसीएल, आयसर किंवा आघारकर संशोधन संस्थेत उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करता येतो. विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्तीही आहे. हे अर्ज बऱ्याचदा हिवाळ्यातच भरायचे असतात, आणि लहान महाविद्यालयात ती बातमी पोहोचेपर्यंत मुदत संपलेली असते. ज्यांना बाहेर जाणे परवडत नाही त्यांच्यासाठी लेण्यांच्या डोंगराखाली पसरलेला विद्यापीठाचा परिसर आहे. पदव्युत्तर वर्गात पाच-सहा महाविद्यालयांतून आलेली मुले एका टेबलाशी उभी राहतात तेव्हा कोणी नामांकित कॉलेजचे, कोणी तालुक्याचे. समोर फॉस्फेटचे दोन क्षार, पीएच मीटर आणि डिस्टिल्ड पाण्याची बाटली असते, आणि पहिले काम बफर करायचे.